किरणोपचारातील आतुरपरिप्रश्न : रुग्णाचे निवेदन व वैद्याचे कर्तव्य

कर्करोगावर किरणोपचार घेत असलेला रुग्ण आपल्या चिकित्सालयाची पायरी चढतो, ही आता नित्याची बाब झाली आहे. सकाळी शहरातील रुग्णालयात ‘शेक’ घ्यावा आणि सायंकाळी गावातील वैद्यांकडे येऊन तोंड आल्याचे, शौचास पातळ होत असल्याचे, अन्नावरची वासना गेल्याचे गाऱ्हाणे सांगावे, असा अनेकांचा क्रम असतो. ही गाऱ्हाणी आपण ऐकतो, औषध देतो आणि रुग्ण घरी जातो. तथापि आपण जे ऐकले ते किरणोपचार करणाऱ्या चिकित्सकांपर्यंत पोहोचले की नाही, हा प्रश्न आपण स्वतःस सहसा विचारत नाही. प्रस्तुत लेख या प्रश्नासंबंधी आहे.

रुग्णाने स्वतःच्या शब्दांत, मध्ये कोणाचाही अर्थ न लावता, आपल्या लक्षणांविषयी व दैनंदिन जीवनाविषयी केलेल्या निवेदनास आधुनिक वैद्यकात पेशंट रिपोर्टेड आउटकम असे नाव आहे. मराठीत त्यास ‘रुग्णनिवेदित परिणाम’ म्हणता येईल. गेल्या काही दशकांत या निवेदनास शास्त्रीय मोजमापाचे रूप आले असून किरणोपचाराची पद्धत निवडण्यापासून उपद्रवांच्या चिकित्सेपर्यंत त्याचा उपयोग होऊ लागला आहे. आयुर्वेदीय चिकित्सकास यातून काय घेता येईल आणि काय देता येईल, याचा विचार येथे करू.

एक अनुभव

सुमारे बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या परिचयातील एका पन्नाशीच्या बाईंची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झाली होती. त्यानंतर त्यांना शहरातील एका मोठ्या रुग्णालयात ओटीपोटावर किरणोपचार व आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन सुरू झाले. एकूण पंचवीस शेक व्हायचे होते. त्या दर शनिवारी आमच्याकडे येत. तिसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, “डॉक्टर, पोट जरा बिघडलंय.” आम्ही कुटजघन वटी दिली, बिल्वावलेह दिला, ताक-भाताचे पथ्य सांगितले. पुढील शनिवारी विचारले, “काकू, आता कसं आहे?” त्या म्हणाल्या, “बरं आहे.” आम्ही तेच औषध पुढे चालू ठेवले.

त्यानंतर तीन दिवसांनी बसस्थानकावर त्यांना भोवळ आली. शरीरातील जलांश अत्यंत घटला होता, मूत्राचे प्रमाण कमी झाले होते व रक्तातील क्रिएटिनिन वाढले होते. त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि किरणोपचारात नऊ दिवसांचा खंड पडला. पुढे विचारपूस करता कळले की त्यांना दिवसातून दहा-अकरा वेळा शौचास जावे लागत होते, रात्री चार वेळा उठावे लागत होते आणि प्रवासात शौच कपड्यांत होईल या भीतीने त्यांनी सकाळचे पाणी पिणेच सोडले होते. रुग्णालयात हे का सांगितले नाही, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “सांगितलं असतं तर शेक बंद केला असता ना!” आणि आम्हांस का सांगितले नाही? “तुम्ही किती वेळा जाता, असं विचारलंच नाहीत.”

त्यांचे ते उत्तर आम्ही विसरू शकलेलो नाही. त्या बाई पुढे बऱ्या झाल्या, हे आमचे भाग्य. परंतु चूक आमची होती. ‘कसं आहे?’ हा प्रश्न कुशल विचारण्याचा आहे. तो परीक्षेचा प्रश्न नव्हे, हे त्या दिवशी आमच्या ध्यानी आले.

आतुरपरिप्रश्न ही आपलीच परंपरा

दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही त्रिविध परीक्षा आपण प्रथम वर्षापासून शिकतो. चरकसंहितेच्या विमानस्थानात चौथ्या अध्यायात परीक्षेचे विवेचन करताना आचार्यांनी काही भाव असे सांगितले आहेत की जे केवळ आतुरपरिप्रश्नानेच जाणावेत. ग्रहणीची मृदुता अथवा दारुणता, पडणारी स्वप्ने, रुग्णाची अभिलाषा, त्यास काय आवडते व काय नकोसे वाटते, त्याचे सुख व दुःख हे ते भाव होत. येथे ‘केवळ’ या शब्दाचे मोल मोठे आहे. नाडी, जिव्हा, वर्ण यांवरून अनुमान करण्यात वैद्य कितीही निष्णात असला तरी हे भाव त्यास रुग्णाच्या तोंडूनच कळावयाचे आहेत.

यास्तव आधुनिक वैद्यकाने रुग्णाच्या निवेदनास प्रमाण मानावे, यात आपणांस नवल वाटण्याचे कारण नाही. मात्र त्यांनी त्यात एक भर घातली आहे आणि ती आपण प्रांजळपणे स्वीकारली पाहिजे. त्यांनी प्रश्न निश्चित केले, उत्तरांची श्रेणी ठरविली, तोच प्रश्न त्याच शब्दांत ठराविक अंतराने विचारण्याचा नियम केला आणि उत्तर लिहून ठेवले. आपली प्रश्नपरीक्षा बहुधा त्या दिवशीच्या स्मरणावर व त्या दिवशीच्या वेळेवर अवलंबून राहते.

चिकित्सकाची श्रेणी व रुग्णाचे उत्तर

कर्करोगचिकित्सेतील उपद्रवांची नोंद सीटीसीएई नामक श्रेणीपद्धतीने होते. ही पद्धत अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने तयार केली असून श्रेणी चिकित्सक देतो. उदाहरणार्थ, अतिसारासाठी मूळच्या शौचसंख्येपेक्षा दिवसास चारपेक्षा कमी वाढ झाल्यास पहिली श्रेणी, चार ते सहा वाढ झाल्यास दुसरी, आणि सात वा अधिक वाढ झाल्यास तिसरी. उपचारापूर्वी रुग्ण दिवसातून किती वेळा जात असे, हे ठाऊक नसेल तर ही श्रेणी ठरविताच येत नाही, ही गोष्ट लक्षात घ्यावी.

ही श्रेणी चिकित्सकाच्या ऐकण्यावर अवलंबून असल्याने तिच्यात न्यून राहते, असे अनेक अभ्यासांत दिसले. इटलीतील तीन चाचण्यांमधील १,०९० रुग्णांच्या नोंदींचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात अरुची, हृल्लास, छर्दी, मलावष्टंभ, अतिसार व केस गळणे ही सहा लक्षणे तपासली होती. ज्या रुग्णांनी स्वतः लक्षण असल्याचे सांगितले, त्यांच्यापैकी लक्षणानुसार ४०.७ ते ७४.४ टक्के रुग्णांच्या बाबतीत चिकित्सकाच्या नोंदीत ते आले नव्हते. लक्षण ‘फारच’ आहे असे सांगणाऱ्यांतही ही वगळ १३ ते ५० टक्के होती. हे रुग्ण औषधोपचार घेणारे होते, किरणोपचार घेणारे नव्हेत. परंतु निवेदन व नोंद यांतील अंतर किती असू शकते, याचा अंदाज त्यावरून येतो.

हे अंतर कमी करण्यासाठी त्याच संस्थेने पीआरओ-सीटीसीएई ही प्रश्नमाला सिद्ध केली. रुग्णास स्वतःस जाणवू शकतील अशी ७८ लक्षणे निवडून त्यांवर १२४ प्रश्न रचले आहेत. गेल्या सात दिवसांत लक्षण किती वेळा झाले, अधिकात अधिक किती तीव्र होते व नेहमीच्या कामांत त्याने किती अडथळा आला, अशा अंगांनी विचारणा होते. सर्व प्रश्न सर्वांस विचारावयाचे नसतात. ज्या अवयवावर उपचार चालू आहे त्यानुसार निवड करावयाची असते. युरोपातील ईओआरटीसी या संस्थेची तीस प्रश्नांची क्यूएलक्यू-सी३० ही प्रश्नमाला १९९३ सालापासून प्रचारात असून तिचे मराठी भाषांतरही उपलब्ध आहे. तीत लक्षणांबरोबर चालणे, काम, झोप, कुटुंबजीवन व आर्थिक ओढ यांचीही विचारणा आहे.

ओटीपोटावरील किरणोपचाराचे उदाहरण

निवेदनाने किरणोपचाराची पद्धतच कशी पारखली जाते, हे पाहण्यासाठी ओटीपोटाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. गर्भाशय काढल्यानंतर रिकाम्या झालेल्या जागेत लहान आतड्याची वेटोळी उतरतात व ती किरणांच्या मार्गात येतात. आतड्याच्या अंतस्त्वचेतील पेशी सतत विभाजन पावत असतात. किरणांमुळे त्यांचे नवनिर्माण खुंटते, शोषण बिघडते आणि साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून अतिसार, मुरडा व शौचाची घाई ही लक्षणे सुरू होतात. उपचार संपल्यावर काही आठवड्यांत ती बहुधा शमतात. काही रुग्णांत मात्र महिन्यांनी वा वर्षांनी दीर्घकालीन उपद्रव उद्भवतात.

पारंपरिक पद्धतीत चार बाजूंनी मोठी क्षेत्रे आखून किरण सोडले जातात. आयएमआरटी या पद्धतीत किरणांची तीव्रता क्षेत्राच्या भागाभागांत बदलून आतडे शक्य तितके वाचविता येते. ही पद्धत रुग्णास खरोखर सुखावह आहे काय, हे पाहण्यासाठी अमेरिकेत आरटीओजी १२०३ अथवा टाइम-सी या नावाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. गर्भाशयमुख अथवा गर्भाशयाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार घेणाऱ्या २७८ स्त्रिया तीत होत्या. या चाचणीचे वैशिष्ट्य असे की तिचा मुख्य निकषच रुग्णनिवेदन हा होता. उपचारापूर्वी व पाचव्या आठवड्यात आतड्यांविषयीची एक प्रश्नमाला स्त्रियांनी स्वतः भरावयाची होती. शंभर गुणांच्या त्या मोजपट्टीवर पारंपरिक पद्धतीत सरासरी २३.६ गुणांची घट झाली, तर आयएमआरटीत १८.६ गुणांची. वारंवार अथवा जवळजवळ सतत अतिसार असल्याचे पारंपरिक गटातील ५१.९ टक्के, तर आयएमआरटी गटातील ३३.७ टक्के स्त्रियांनी सांगितले. दिवसातून चार वा अधिक वेळा अतिसारावरील औषध घ्यावे लागणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे २०.४ व ७.८ टक्के होते.

याच चाचणीत चिकित्सकांनी दिलेल्या श्रेणींची स्वतंत्र तुलना करण्यात आली, तेव्हा दोन्ही पद्धतींत फरक आढळला नाही. केवळ चिकित्सकांच्या नोंदींवर विसंबले असते तर ‘नव्या पद्धतीने आतड्यांस विशेष लाभ नाही’ असा निष्कर्ष निघाला असता. जो लाभ स्त्रियांच्या दैनंदिन जीवनात घडत होता, तो त्यांना विचारल्यामुळेच दृष्टीस पडला.

आपल्या महाराष्ट्रातील कार्यही येथे सांगितले पाहिजे. टाटा मेमोरियल सेंटरने पार्सर नावाची चाचणी केली व तिचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतरच्या ३०० स्त्रियांत प्रतिमामार्गदर्शित आयएमआरटी व त्रिमितीय पारंपरिक पद्धत यांची तुलना तीत होती. तीन वर्षांनंतर दुसऱ्या वा वरच्या श्रेणीच्या आतड्याच्या दीर्घकालीन उपद्रवाचे प्रमाण २१.१ टक्के विरुद्ध ४२.४ टक्के आढळले. येथे निकष चिकित्सकाच्या श्रेणीचा होता व कालावधी दीर्घ होता. म्हणजे चिकित्सकाची श्रेणी निरुपयोगी आहे असे नव्हे. रक्ततपासणी, वजन, व्रणाचे स्वरूप हे चिकित्सकानेच पाहावयाचे आहे. शौचाची घाई, रात्रीचे उठणे, प्रवासाची भीती हे रुग्णाने सांगावयाचे आहे. दोन्ही मिळून चित्र पूर्ण होते.

निवेदनावर कृती झाली तरच लाभ

प्रश्नपत्रिका भरून कपाटात ठेवल्याने कोणाचेही दुःख कमी होत नाही. न्यूयॉर्क येथील मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात शरीरात पसरलेल्या कर्करोगासाठी औषधोपचार घेणाऱ्या ७६६ रुग्णांवर झालेला अभ्यास या दृष्टीने मननीय आहे. एका गटातील रुग्ण बारा लक्षणांविषयी संगणकावर नियमित निवेदन करीत. लक्षण तीव्र झाले अथवा वाढले की परिचारिकेस सूचना जाई. दुसऱ्या गटात नेहमीची पद्धत होती. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जीवनमान सुधारलेल्या रुग्णांचे प्रमाण पहिल्या गटात ३४ टक्के, दुसऱ्यात १८ टक्के होते. तातडीच्या विभागात जावे लागलेल्यांचे प्रमाण ३४ व ४१ टक्के होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पुढील अहवालात मध्यम आयुर्मान ३१.२ महिने विरुद्ध २६ महिने असे दिसून आले. उपद्रव वेळीच आवरल्याने रुग्ण चिकित्सा अधिक काळ घेऊ शकले, हे त्यामागील एक संभाव्य कारण अभ्यासकांनी मांडले आहे. हा अभ्यासही किरणोपचाराचा नसल्याने तीच आयुर्मानवाढ किरणोपचारात होईल, असे म्हणता येणार नाही. निवेदन, सूचना व कृती ही साखळी मात्र तेथेही तितकीच लागू पडते.

किरणोपचारात या साखळीचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढते. येथे खंड पडणे घातक असते. उपचाराचा एकूण कालावधी लांबला तर उरलेल्या कर्कपेशींस पुन्हा वाढण्यास अवसर मिळतो. डोके व मानेच्या कर्करोगात वाढलेल्या प्रत्येक दिवसामागे रोगनियंत्रण सुमारे एक टक्का वा त्याहून अधिक घटते, असे सामान्यतः मानले जाते. शस्त्रक्रियेविना केवळ किरणोपचाराने गर्भाशयमुखाचा कर्करोग बरा करावयाचा असता बाह्य व अंतःस्थ असे दोन्ही किरणोपचार मिळून आठ आठवड्यांच्या आत पूर्ण व्हावेत, असा दंडक आहे. ज्या बाईंनी शेक बंद होईल या भयाने लक्षण लपविले, त्यांचा शेक लक्षण लपविल्यामुळेच बंद पडला. आठवडाभर आधी सांगितले असते तर औषध, आहार व द्रव देऊन उपचार चालू ठेवणे बहुधा शक्य झाले असते. ही एक गोष्ट प्रत्येक रुग्णास आपण समजावून सांगितली तरी मोठे कार्य होईल.

आपल्या चिकित्सालयात काय करावे

त्या अनुभवानंतर आम्ही किरणोपचार घेणाऱ्या प्रत्येक रुग्णासाठी एक साधा कागद ठेवू लागलो. तो कोणत्याही प्रमाणित प्रश्नमालेची जागा घेऊ शकत नाही व त्यावरून शोधनिबंध लिहिता येणार नाही. परंतु दैनंदिन व्यवहारास तो पुरतो. त्याची पद्धत अशी :

१. पहिल्याच भेटीत उपचारापूर्वीची स्थिती लिहावी. दिवसातून किती वेळा शौच, रात्री किती वेळा उठणे, वजन किती, आहार काय.

२. आठवड्यातील एक वार ठरवून त्याच दिवशी, त्याच शब्दांत विचारावे. ‘गेल्या सात दिवसांत’ अशी कालमर्यादा प्रत्येक प्रश्नात असावी.

३. प्रश्न रुग्णाच्या बोलीत असावेत. ‘अतिसार आहे का?’ यापेक्षा ‘ज्या दिवशी सगळ्यांत जास्त त्रास झाला, त्या दिवशी किती वेळा जावं लागलं?’ असे विचारावे. त्याचप्रमाणे ‘दम न निघता कपड्यांत झालं का?’, ‘मुरडा येतो का?’, ‘रक्त दिसलं का?’, ‘लघवीला जळजळ होते का?’, ‘घास गिळताना दुखतं का?’, ‘या त्रासामुळे घरातलं कोणतं काम सुटलं?’ असे प्रश्न असावेत.

४. तीव्रतेचे उत्तर पाच पायऱ्यांत घ्यावे : मुळीच नाही, थोडे, मध्यम, खूप, अतिशय. त्यांस शून्य ते चार अंक द्यावेत, म्हणजे आठवड्यागणिक चढउतार एका दृष्टिक्षेपात दिसतो.

५. उत्तर रुग्णाचेच असावे. वाचता येत नसेल तर प्रश्न वाचून दाखवावा, मात्र सुचवू नये. सोबतचे पती, सून अथवा मुलगा उत्तर देऊ लागल्यास त्यांना आदराने थांबवावे. शौच, मूत्र व योनिमार्गाविषयीचे प्रश्न स्त्रियांस एकांतात, शक्य तर स्त्रीवैद्यांनी अथवा परिचारिकेने विचारावेत. सासऱ्यांसमोर कोणतीही सून या गोष्टी सांगणार नाही.

६. कागदाची एक प्रत रुग्णाच्या फाइलमध्ये लावून द्यावी व किरणोपचार विभागातील चिकित्सकांस अथवा परिचारिकेस दाखविण्यास सांगावे. आपण दिलेल्या औषधांची नावे व मात्रा त्याच कागदावर स्पष्ट अक्षरात लिहावीत. लपविलेले औषध हे लपविलेल्या लक्षणाइतकेच धोक्याचे असते.

शौचसंख्या मूळपेक्षा दिवसास चारने वाढली की त्याच दिवशी रुग्णालयास दूरध्वनी करावा. सात वा अधिक वाढ, मलातून रक्त, १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक ज्वर, मूत्र अत्यंत कमी होणे, पाणीही न टिकणे, उठल्यावर भोवळ, पाणी गिळता न येणे यांपैकी काहीही असल्यास औषध देऊन वाट पाहू नये. रुग्णास तत्काळ पाठवावे. सिस्प्लॅटिन चालू असलेल्या रुग्णात जलांश घटणे वृक्कास विशेष बाधक असते, हे आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो.

लक्षणशमन व व्याधिशमन यांतील विवेक

येथे औषधनिर्माते व औषधालयचालक बंधूंशी दोन शब्द बोलणे आवश्यक वाटते. रुग्णनिवेदन सुधारले म्हणजे सर्व कुशल झाले असे समजणे धोक्याचे आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात डोके व मानेच्या प्रारंभिक अवस्थेतील कर्करोगाच्या ५४० रुग्णांवर एक चाचणी झाली होती. किरणोपचाराच्या काळात व त्यानंतर त्यांना जीवनसत्त्व ई व बीटा कॅरोटीन ही ऑक्सिडीकरणविरोधी द्रव्ये अथवा निष्क्रिय गोळ्या देण्यात आल्या. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत किरणोपचाराचे तीव्र उपद्रव द्रव्य घेणाऱ्यांत कमी आढळले. परंतु स्थानिक पुनरुद्भवाचा कल त्यांच्यातच अधिक होता आणि पुढील पाहणीत मृत्यूचे प्रमाणही त्यांच्यात जास्त दिसले. निरोगी पेशींचे रक्षण करणारे द्रव्य कर्कपेशींचेही रक्षण करू शकते, अशी शंका यातून निर्माण झाली.

ही द्रव्ये आपली रसायने नव्हेत व हा निष्कर्ष जसाच्या तसा आमलकी अथवा गुडूचीस लावता येणार नाही. तरीही चालू किरणोपचारात ‘बल वाढते, त्रास कमी होतो’ एवढ्या आधारावर रसायनकल्प देण्यापूर्वी संबंधित कर्करोगतज्ज्ञांशी बोलणे आपले कर्तव्य ठरते. ‘किरणोपचाराचे दुष्परिणाम नाहीसे’ अशा पाट्या व पत्रके तर सर्वथा वर्ज्य मानावीत. कर्करोगावरील औषधांच्या जाहिरातीस १९५४ च्या औषधी व जादूटोणा उपायविषयक आक्षेपार्ह जाहिरात कायद्याने बंदी आहेच. त्याहूनही, अशा पत्रकावर विसंबून कोणी शेक सोडला तर ते पाप कायद्याच्या दंडाने फिटणारे नाही.

औषधालयात येणारा ग्राहक ‘पोट बांधणारे चूर्ण’ मागतो तेव्हा ‘शेक चालू आहे का?’ एवढा एकच प्रश्न विक्रेत्याने विचारावा व होकार आल्यास वैद्यांकडे पाठवावे. त्वचेवर लावण्याचे तेल, घृत वा मलम देताना, शेक घेण्यापूर्वी त्याचा जाड थर राहू देऊ नये व रुग्णालयाच्या संमतीनेच ते लावावे, असे अवश्य सांगावे.

उपचार संपल्यानंतर

शेक संपला की रुग्णालयाच्या भेटी विरळ होतात आणि रुग्ण पुनः आपल्याकडे वळतो. दोन वर्षांनी ‘मूळव्याध झाली, रक्त पडतं’ म्हणून येणाऱ्या व्यक्तीस ‘पूर्वी कधी ओटीपोटावर शेक घेतला होता का?’ हा प्रश्न प्रत्येक वैद्याने विचारलाच पाहिजे. ते रक्त अर्शाचे नसून किरणांमुळे झालेल्या गुदाच्या विकाराचे असू शकते, अथवा व्याधी पुनः उद्भवल्याचे चिन्ह असू शकते. किरण लागलेल्या धातूंचा रोपणगुण मंदावलेला असतो. अशा ठिकाणी क्षारकर्म, क्षारसूत्र अथवा तीक्ष्ण बस्ती तज्ज्ञांच्या तपासणीविना करणे म्हणजे न भरणाऱ्या व्रणास आमंत्रण होय. ब्रिटनमधील प्रोटेक्ट चाचणीत पौरुषग्रंथीच्या कर्करोगाच्या १,६४३ पुरुषांत तीन चिकित्सामार्गांची तुलना झाली व २०१६ साली रुग्णनिवेदनाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. किरणोपचार घेतलेल्यांत सहा महिन्यांच्या सुमारास आतड्यांचा त्रास वाढून पुढे बराचसा निवळला, तथापि मलातून रक्त जाण्याचे प्रमाण नंतरही इतर गटांपेक्षा अधिक राहिले. वर्षानुवर्षे तेच प्रश्न विचारीत राहिल्यानेच ही माहिती मिळाली.

उपसंहार

किरणोपचार विभागात रोज अनेक रुग्ण येतात व प्रत्येकास मिळणारा वेळ अल्प असतो. आपल्याकडे रुग्ण निवांत बसतो, आपल्या भाषेत बोलतो, आपणांस घरातले मानतो. हा विश्वास आपले मोठे धन आहे. त्या विश्वासाने सांगितलेली गोष्ट आपल्याच चिकित्सालयात अडकून पडली, तर त्याच विश्वासाने रुग्णाचे अहित होते, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे.

त्या काकू आजही वर्षातून एकदोनदा येतात. आल्या की आम्ही कागद पुढे ओढतो आणि त्या हसून म्हणतात, “विचारा आता, किती वेळा ते.” पुढील आठवड्यात आपल्याकडे येणाऱ्या अशा पहिल्या रुग्णासाठी एक कोरा कागद काढावा, त्यावर उपचारापूर्वीची शौचसंख्या व वजन लिहावे, आणि तो कागद रुग्णालयापर्यंत पोहोचेल याची काळजी घ्यावी, एवढीच वैद्य बंधुभगिनींस नम्र विनंती.